रोजच्या खर्चाची वही आणि तिच्यातला तिसरा रकाना

वहीवाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज आठ महिने पूर्ण झाले म्हणून बसलेच.

जानेवारीत लेकीच्या शाळेच्या फीचा शेवटचा हप्ता भरायची वेळ आली आणि खात्यात पैसे कमी पडले. आम्ही चिंचवडला राहतो, दोघंही नोकरी करतो, घरी सासूबाई आणि चौथीतली लेक. त्या वर्षात गाडी घेतली नव्हती, सोनं घेतलं नव्हतं, कुठे लांब फिरायलाही गेलो नव्हतो. तरी ठेवलेली एफडी मुदतीआधी मोडावी लागली. त्या रात्री मी आणि नवऱ्याने बँकेचं स्टेटमेंट वरपासून खालपर्यंत वाचून काढलं. बोट ठेवून 'हा नको होता' म्हणावं असा एकही खर्च सापडेना. चाळीस, एकशे दहा, दोनशे चौदा, पासष्ट, पुन्हा चाळीस. पानंच्या पानं अशीच.

दुसऱ्या दिवशी लाल कापडी बांधणीची लांब वही आणली. माझे वडील हिशेब लिहायचे तशीच. काय आणि किती, हे दोन रकाने सगळेच आखतात. तिसरा मी वाढवला: कोणी ठरवलं.

हे कसं सुचलं ते सांगते, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. वहीचा तिसरा की चौथा दिवस होता, मंगळवार. संध्याकाळी सव्वासातला कुकर उतरवला आणि लक्षात आलं की कोथिंबीर नाही. फोन उचलला. जुडी १५ रुपयांची. पण १९९च्या वर गेलं तरच डिलिव्हरी फुकट, म्हणून आधी वेफर्स घेतले ५०चे, मग चॉकलेट ६०चं, मग ज्यूसचा खोका ८०चा. ९ रुपये हँडलिंग. एकूण २१४. रात्री वहीत लिहायला बसले. कोथिंबिरीपुढे 'मी' लिहिलं. बाकीच्या चार ओळींपुढे पेन अडलं. वेफर्स कोणी मागितले नव्हते. ज्यूस लेकीला आवडतही नाही. त्या चार ओळींची बेरीज केली तर बरोबर १९९ आली. पंधरा रुपये मी ठरवून खर्च केले होते आणि एकशे नव्व्याण्णव कोणीच ठरवले नव्हते. आणि गुरुवारी फ्रीज उघडला तर कोथिंबीर काळी पडलेली.

त्या दिवसापासून नियम केला. ज्या खर्चापुढे घरातल्या कोणाचं नाव लिहिता येत नाही, तो रकाना कोरा ठेवायचा आणि महिनाअखेरीस फक्त कोऱ्या ओळींची बेरीज करायची. पहिल्या महिन्यात ती ७,३४० रुपये आली. गेल्या महिन्यात २,१०० होती. मधल्या काळात आम्ही कशावरही बंदी घातली नाही. नवऱ्याचं शनिवारचं मिसळीचं बिल जसंच्या तसं आहे, कारण त्यापुढे त्याचं नाव आहे आणि तो ती चवीने खातो. माझी दर महिन्याची दोन पुस्तकंही आहेत.

तुम्ही रोजच्या खर्चात काय केलं, काय जमलं, काय फसलं, ते लिहा. मोठमोठ्या गुंतवणुकीवर बरंच लिहिलं जातं. मला भाजी, गॅस, वीज, प्रवास, औषधं यांबद्दल वाचायचं आहे.

सातबावीस

ताई, तिसरा रकाना फार आवडला. आजपासून सुरू.

माझा अनुभव असा की नोटा होत्या तोवर पाकिटच सांगायचं थांब म्हणून. पाचशेची मोडली की उरलेले पैसे दिसायचे. यूपीआयला ते दिसणंच राहिलेलं नाही. म्हणून मी दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या बँकेत एक साधं बचत खातं काढलं आणि फोनमधलं यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडलं. पगाराचं खातं फोनवर नाहीच. दर सोमवारी सकाळी पगाराच्या खात्यातून या खात्यात ३,५०० रुपये आपोआप येतात. भाजी, रिक्षा, चहा, इस्त्री, सगळं त्यातून. शुक्रवारी ६०० उरले असतील तर शनिवार-रविवार कसा जाणार ते शुक्रवारीच ठरतं.

आधी हेच महिन्याच्या हिशेबाने करून पाहिलं होतं. जमलं नाही. पहिल्या दहा दिवसांत माणूस श्रीमंत असतो, शेवटच्या दहा दिवसांत उधार मागतो. आठवड्याला चूक झाली तर सोमवार लांब नसतो.

लोकलने जाणाऱ्यांसाठी एक. तीन महिन्यांचा पास मासिक पासाच्या २.७ पट असतो, सहा महिन्यांचा ५.४ पट आणि वर्षाचा १०.८ पट. म्हणजे वर्षाचा काढला तर एक महिना आणि वर थोडे दिवस फुकट. नोकरीची जागा पक्की असेल तर दर महिन्याला रांगेत किंवा ॲपवर तोच पास काढण्यात काहीच अर्थ नाही. मी दिवाळीच्या बोनसमधून वर्षाचा काढतो. एकदम रक्कम जाते तेव्हा जड वाटतं, नंतर वर्षभर प्रवासाची ओळच वहीत येत नाही.

गोडामसाला

वहीवाली, आधी तुझी कोथिंबीर वाचवते, मग पुढचं.

जुडी आणली की मुळं कापायची, धुवायची नाही. पिवळी पानं निवडून टाकायची, कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळायची आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवायची. फडकं ओलं लागलं की बदलायचं. आठ-दहा दिवस हिरवीगार राहते. धुवायची ती वापरताना. देठं फेकू नकोस, खोबरं-मिरचीच्या वाटणात देठांनाच जास्त वास असतो.

आता गॅस. मी सिलिंडर लावला की त्याच्या अंगावरच मार्करने तारीख लिहिते. १४.२ किलोचा सिलिंडर आमच्या चौघांना आधी ३८ दिवस जायचा, आता ५० च्या आसपास जातो. केलं ते एवढंच: डाळ-तांदूळ धुऊन अर्धा तास भिजत ठेवायचे. कडधान्यं, छोले, राजमा रात्रीच. एका कुकरात तीन भांडी, खाली वरण, मध्ये भात, वर बटाटे नाहीतर बीट. शिट्टी झाली की आच बारीक. उघड्या पातेल्यात एकदा उकळी आली की ज्योत कितीही मोठी केली तरी पाणी त्याहून गरम होत नाही, नुसती वाफ जाते, हे मला शाळेत शिकवलं होतं पण ओट्यापाशी आठवायला वीस वर्षं लागली. झाकण ठेवायचं. आणि दूध, कणीक फ्रीजमधून काढून आधी बाहेर ठेवायची.

ज्योत निळी हवी. पिवळी दिसायला लागली की बर्नरची भोकं तुंबलेली असतात, गॅस जातो आणि पातेलं काळं होतं. सोडा-लिंबाने बर्नर घासले की फरक डोळ्यांना दिसतो.

आणि शिळ्याची लाज बाळगू नका. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा, कोणी त्याला माणिकपैंजण म्हणतं, आमच्याकडे मुलं ताज्या पोळीपेक्षा आवडीने खातात. भात उरला तर फोडणीचा. माझी आजी पोळ्या करताना दोन मुद्दाम जास्त करायची, सकाळच्या कुस्कऱ्यासाठी. त्यामुळे सकाळी बाहेरून काही आणायचा प्रश्नच उठत नसे.

टेस्टर

महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांत असतं: पहिली १०० युनिट, मग ३००पर्यंत, मग ५००पर्यंत आणि त्यापुढे. बऱ्याच जणांचा समज असतो की १०१वं युनिट जळलं की सगळीच युनिट महाग झाली. तसं नाही. वरच्या टप्प्यातल्या युनिटांनाच वरचा दर. पण याचा उपयोग उलटा करून घ्या. तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी सगळ्यात महागड्या टप्प्यातलं असतं. बिलाला युनिटांनी भागून जो सरासरी दर येतो, त्याहून तुमची बचत जास्त असते.

माझा धंदा वायरिंगचा. लोकांच्या घरी गेलो की फ्रीज आणि एसीबद्दल विचारतात, डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याबद्दल कोणी विचारत नाही. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास असतो. दिवसाला १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा साधारण ३० वॅट घेतो, त्याची तेवढ्याच वेळात ११ युनिटसुद्धा होत नाहीत. एका पंख्यामागे १६ युनिट. सगळे एकदम बदलू नका, ज्या खोलीत रात्रभर चालतो तो आधी बदला. जुना खटक्याचा मोठा डब्बा रेग्युलेटर असेल तर पंखा हळू फिरवून फारशी वीज वाचत नाही, ती त्या डब्यात गरम होऊन जाते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवा.

गीझर २,००० वॅटचा असतो. अर्धा तास म्हणजे एक युनिट. सकाळी लावून अंघोळींना दोन तास लागले तर तो मध्येमध्ये चालूच राहतो. एकामागून एक अंघोळी उरकल्या तर बरंच वाचतं. एसी २४ वर ठेवून पंखा बारीक लावा. फ्रीजच्या दारात एक कागद धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर गेलंय, बदलून घ्या.

कागदी बिल बंद करून ईमेलवर घेतलं तर महावितरण बिलात सूट देते. वर्षाचे १२०. दहा मिनिटांचं काम आहे.

नवी_घडी

छान धागा. माझे दोन मुद्दे. भाजीवालीकडे घासाघीस केल्याशिवाय काही घ्यायचं नाही, रोजचे २०-३० तरी सुटतात. आणि आम्ही धुण्याभांड्याच्या मावशींचा महिना कमी केला, त्यांच्या चार सुट्ट्या कापल्या. महिन्याला ६००-७०० वाचतात.

वहीवाली

नवी_घडी, राग मानू नका, पण यावर मी स्पष्टच लिहिते. याला मी बचत म्हणणार नाही. तुमच्या घरातला खर्च तुम्ही दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवलात, एवढंच झालं. तुमचे ६०० म्हणजे त्यांच्या घरचं अर्धं वाणसामान असेल. आपल्याला पगारी रजा मिळते, आजारी पडलो तर पैसे कापले जात नाहीत. त्यांच्या महिन्याच्या चार सुट्ट्या हा तोच हक्क आहे.

मी मॉलमध्ये ८५ रुपयांना पाव किलो मिळणाऱ्या डबाबंद मशरूमपुढे तोंड उघडत नाही. मग टोपली घेऊन पहाटे मार्केट यार्डातून माल आणणाऱ्या बाईशी पाच रुपयांवरून का भांडू?

गोडामसाला

+१. भाजीत पैसे वाचवायचे तर हंगामातली घ्या. हिवाळ्यात मटार, गाजर, फ्लॉवर, पावसाळ्यात भोपळे आणि दोडकी. बाजार उठायच्या वेळेला गेलं तर भाजीवालीच आपणहून उरलेला वाटा कमी भावात देते, तिचंही ओझं हलकं होतं.

नवी_घडी

ताई, राग नाही. भाजीचं पटलं. मावशींचा विचार करतो, घरी बोलतो. आमचं खरं कारण असं की गेल्या वर्षी कार्डाचं बिल तुंबलं आणि जिथे हात पोचला तिथे कापलं.

सातबावीस

नवी_घडी, मग आधी कार्डाकडे बघा. दर महिन्याला 'मिनिमम ड्यू' भरता का? ती रक्कम भरली की दंड लागत नाही एवढंच, उरलेल्या रकमेवर व्याज चालूच असतं आणि नव्या खरेदीला बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. ५०,००० थकले असतील तर पहिल्याच महिन्याचं व्याज १,७५० रुपये. मावशींच्या चार सुट्ट्या त्यापुढे कुठेच नाहीत. बँकेत जाऊन ती रक्कम कमी व्याजाच्या वैयक्तिक कर्जात बदलून घ्या, कार्ड कपाटात ठेवा.

दुसरं, ऑटोपे. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट नावाचा भाग असतो, तो उघडून बघा. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की असे आपोआप पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवायला हवं. तो मेसेज येतो, आपण वाचत नाही. माझ्याकडे असे पाच निघाले. एक व्यायामाचं ॲप, जे मी फोन बदलल्यापासून उघडलंही नव्हतं. वहीवालीताईंच्या कोऱ्या रकान्यातल्या ओळी या.

माळरान

मी औसा तालुक्यातला, सोयाबीन आणि तुरीचा शेतकरी. आमच्याकडं महिन्याचा हिशेब चालत नाही, कारण पैसा महिन्याला येत नाही. सोयाबीनचा येतो दिवाळीच्या आगंमागं, हरभऱ्याचा मार्चात, तुरीचा त्याच्या थोडा आधी. मधले महिने उधारीवर. त्यामुळं आमच्या घरात रोजच्या खर्चाची गळती कुठं होती तर उधारीच्या वहीत. आणि ती वही आमची नव्हती, दुकानदाराची होती.

उधारीत दुकानदार व्याज लिहीत नाही, ते भावातच असतं. आणि उधारी असली की दुसऱ्या दुकानात जाता येत नाही, भाव विचारता येत नाही, तेल कोणतं द्यायचं तेही तोच ठरवतो. ताईंच्या भाषेत सांगायचं तर सहा महिन्यांची सगळी ओळ कोरी.

यातून बाहेर यायला आम्हाला दोन हंगाम लागले. पहिल्या वर्षी सोयाबीन विकल्यावर आधी जुनी उधारी पूर्ण फेडली आणि फेब्रुवारीपर्यंतच्या किराण्याचे पैसे बायकोच्या नावावरच्या खात्यात वेगळे टाकले. त्याला मी हात लावायचा नाही असं ठरलं. ट्रॅक्टरचं टायर फुटलं तेव्हा फार मोह झाला, ती नाही म्हणाली, बरं झालं. दुसऱ्या वर्षी जूनपर्यंतचे पैसे बाजूला पडले. आता महिन्यातून एकदा लातूरला जाऊन रोखीनं ठोक सामान आणतो. तूरडाळ विकत घेत नाही, घरची तूर डाळमिलमध्ये भरडून आणतो. डाळीला एरंडेल तेलाचा हात फिरवून ठेवली की वर्षभर कीड लागत नाही. गव्हात कडुलिंबाचा पाला, पण तो पूर्ण वाळलेला पाहिजे, ओला राहिला तर गहू खराब.

अजून एक, शेतकरी भावांसाठी. आपल्या राज्यात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शून्य टक्के पडतं. मुदत हुकली की व्याज लागतं. माझी एका वर्षी पंधरा दिवसांनी हुकली, लग्नाचा आहेर करायचा होता म्हणून. तो आहेर मला दुप्पट पडला. आता भावकीत सांगून टाकलंय, आमच्याकडून साडीचोळी, टॉवेल-टोपी नाही, घ्यायचंही नाही. पहिल्या वर्षी लोक बोलले. यंदा आणखी चार घरांनी बंद केलं.

वहीवाली

माळरान दादा, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या मूळच्या बार्शीकडच्या. उधारीच्या वहीबद्दल वाचल्यावर बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्यांच्या आईला दुकानात कधी साबणाचा वास घेऊन निवडता आला नाही, देईल तो घ्यावा लागे.

पाणपोई

औषधांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

माझ्या आईला रक्तदाब आणि साखर दोन्ही आहे. बाबा गेल्यावर ती गावी एकटीच राहायची. औषधं महाग पडतात, मुलींना किती सांगायचं, म्हणून तिने गोळ्या अर्ध्या करून घ्यायला सुरुवात केली. पाकीट दोन महिने पुरायचं. आम्हाला कळलं ते तिला दवाखान्यात भरती केल्यावर. उशाशी प्लास्टिकच्या डबीत अर्ध्या गोळ्या नीट मांडून ठेवलेल्या होत्या, सुरीने कापलेल्या. बिल किती झालं ते सोडा. तिच्या उजव्या हाताची पकड अजून पूर्ण आलेली नाही.

म्हणून हात जोडून सांगते, गोळीत काटकसर करू नका, गोळीच्या किमतीत करा. जनऔषधि केंद्रात तेच औषध मूळ नावाने मिळतं आणि नावाजलेल्या ब्रँडपेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त असतं. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर डॉक्टरांना विचारा की यातलं मूळ औषध कोणतं, किती मिलिग्रॅम, आणि ते बदललं तर चालेल का. फिट्सचं, रक्त पातळ करणारं किंवा थायरॉइडचं औषध न विचारता बदलू नका. आईचा महिन्याचा खर्च २,८०० वरून ९०० च्या आत आला आणि आता ती पूर्ण गोळी घेते. त्याच केंद्रात सॅनिटरी पॅडही एक रुपयाला एक मिळतं, मी गावातल्या मुलींसाठी घेऊन जाते.

गावी जायला एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. आई पंच्याहत्तरीच्या पुढची, तिला तर तिकीटच नाही. आधी महिन्यातून एकदा जायचे, आता दोनदा जाते.

गोडामसाला

पाणपोई, वाचून गलबलून आलं. माझ्या सासऱ्यांची डबी आज रात्रीच उघडून बघते.

टेस्टर

आईंना लवकर बरं वाटो. मीही जवळचं जनऔषधि केंद्र शोधून ठेवलं.

काटेतोल

माझं किराण्याचं दुकान आहे, नाशिकजवळ. दुकानदार म्हणून गिऱ्हाइकांना एक गोष्ट सांगतो, धंद्याला तोटा झाला तरी चालेल.

पुडा मोठा म्हणजे स्वस्त, असं डोळे झाकून धरू नका. आता पाकिटबंद मालावर एमआरपीच्या जवळच एका ग्रॅमचा किंवा एका मिलिलिटरचा भाव छापलेला असतो, बारीक अक्षरात. तो वाचा. २०० ग्रॅमचा पुडा ५२ रुपयांना असेल तर ग्रॅमला २६ पैसे. शेजारचा ५०० ग्रॅमचा १४० ला असेल तर २८ पैसे. 'फॅमिली पॅक' लिहिलेलं असलं तरी तो महाग आहे. वजनाकडेही बघा. किंमत तीच ठेवून आतला माल कमी करणं हा कंपन्यांचा जुना मार्ग आहे. १० रुपयांचा पुडा दहाचाच राहतो, बिस्किटं कमी होतात.

एमआरपी ही जास्तीत जास्त किंमत आहे, तीत सगळे कर आलेले असतात. तिच्याहून कमी भावात विकायला दुकानदाराला मोकळीक आहे. महिन्याचं सामान एकदम, यादी करून, रोखीनं घेणाऱ्याला मी नेहमी कमी लावतो. ते मागून घ्या, त्यात संकोच नको. मी भाजीवालीसारखा पहाटे तीनला उठत नाही.

उंबरा

एक विचारायचं होतं. वाचलेले पैसे ठेवायचे कुठे? आमच्या गल्लीत पिग्मीवाले काका रोज येतात, रोजचे १०० रुपये नेतात. सवय चांगली आहे, पण मन धजत नाही.

काटेतोल

पिग्मीची सवय सोन्यासारखी आहे. मंगळूर-उडुपीकडे १९२८ साली सिंडिकेट बँकेने ती सुरू केली, हातावर पोट असणाऱ्यांसाठी. माझ्या वडिलांनी दुकानाचं दुसरं शटर पिग्मीतून घातलं.

पण पैसे कुठे जमा होतात ते बघा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, मग ती सहकारी बँक का असेना. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. पुढे वडिलांनी जास्त व्याजासाठी एका पतसंस्थेत पैसे वळवले. ती बंद पडली. चार वर्षं ते दर सोमवारी तिच्या बंद दारापाशी जाऊन नोटीस बदलली का बघून यायचे. मूळ रकमेतलं थोडं मिळालं, बाकी राहिलं.

म्हणून पावती घ्या, पुस्तकात नोंद लगेच करून घ्या, आणि काका बँकेचे की पतसंस्थेचे ते विचारा. विचारायला जड वाटत असेल तर पोस्टात आरडी उघडा, महिन्याला १०० रुपयांपासून होते, पाच वर्षांची असते.

उंबरा

विचारलं. पतसंस्थेचे आहेत. काकांना सांगितलं की या महिन्यानंतर थांबवते. उद्या पोस्टात जाते.

नवी_घडी

अपडेट. कार्डाची थकबाकी हप्त्यांच्या कर्जात बदलून घेतली. मावशींना पूर्ण महिना दिला, मागचे कापलेलेही दिले. बायकोने वही आणली आहे, तिसऱ्या रकान्यासह. पहिल्या चार दिवसांत सगळ्यात जास्त कोऱ्या ओळी माझ्या खर्चाच्या आहेत. एक विचारायचं होतं, घरातली मोठी माणसं लिहितात का? माझे वडील म्हणतात, माझ्या पेन्शनचा हिशेब तुम्हाला कशाला.

वहीवाली

नवी_घडी, मावशींचं वाचून खूप बरं वाटलं.

वडिलांना आग्रह करू नका. आमच्या सासूबाईंनी पहिले तीन महिने वहीला हात लावला नाही. त्यांना वाटलं, सूनबाई त्यांच्या देवळाच्या आणि फुलांच्या खर्चावर नजर ठेवणार. मी त्यांचा एकही रुपया वहीत लिहिला नाही. त्या विचारायच्या फक्त, आज कोरे किती? लेक मोठ्याने वाचून दाखवायची.

मग जूनमध्ये एका संध्याकाळी वही उघडली तर मधेच पेन्सिलने एक ओळ होती, त्यांच्या मोडी वळणाच्या अक्षरात. मोगऱ्याचा गजरा, २० रुपये. सासरे गेल्यापासून त्यांनी गजरा घेतलेला मी पाहिला नव्हता. पुढे तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, 'मी'.